आठ वेळचा गंज

काळूराम तरे यांचं पत्र मला दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधल्या आठवड्यात आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. दिलं नाही म्हणजे लिहिलं नाही असं नव्हे. अकरा वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी तिसऱ्या-चौथ्या ओळीवर अडलो आणि तो कागद हाताशी असलेल्या पुस्तकात खोचून ठेवला. आमच्या घरात पुस्तकं पुष्कळ, त्यामुळे जागेची अडचण आली नाही.

पत्र साधं होतं. 'दामूभाऊंना अंजूरहून काळूराम तरे याचा जय भीम. आमच्या दुनळी बंदुकीला तुम्ही पंच्याऐंशी साली जो काळा रंग दिला, तो पुढच्या लाकडाखाली अजून जांभळासारखा आहे. बाकी मात्र दोन पावसाळ्यांत सगळीकडे गंज धरला. खाडीचा वारा. कोणी म्हणतो क्रोम करा, कोणी म्हणतो निकेल करा, कोणी म्हणतो गाडीला देतात तसला पक्का रंग भट्टीत भाजून घ्या. तुमचा हात मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल ते करू. नात ऋतिका हल्ली नेमबाजी शिकते. बंदूक आणि परवाना तिच्या नावावर करायचा आहे, म्हणून विचारतो.'

'तुमचा हात मला ठाऊक आहे' या वाक्यापाशी मी दोन वर्षं थांबलो होतो.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, जरी सांगण्यासारखं फारसं नाही. भिवंडीच्या बाजारात चिंधूशेठचं बंदुकांचं परवान्याचं दुकान होतं. मी तिथे चौतीस वर्षं रंगकाम केलं. आयुष्यात एकही बार उडवला नाही. दिवाळीच्या फटाक्यांनाही मी आतल्या खोलीत जातो. बंदुकीचं लोखंड साफ करायचं, त्यावर काळा-निळा थर चढवायचा आणि ती गिऱ्हाइकाला द्यायची, एवढंच माझं काम. ते करता करता वाचता येत असे, म्हणून ते मला आवडलं.

आणि वाचता येत असे, म्हणूनच ती चूक झाली.

निवडणूक आली की परवानेवाल्यांना आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकालानंतर त्या परत मिळतात, तेव्हा बऱ्याच गंजलेल्या असतात. कोठडीत एकावर एक रचलेल्या बंदुकांना तेल कोण लावणार? पंच्याऐंशी साली अशा चाळीसेक बंदुका एकदम आमच्याकडे आल्या. एकनळी बंदुकांसाठी आमच्याकडे क्षारांची उकळती टाकी होती. नळी आत सोडायची, वीस मिनिटांत काळीभोर बाहेर. दुनळीला मात्र ती टाकी वर्ज्य. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली लांब पट्टी शिसं-कथलाच्या डाखानं जोडलेली असतात, आणि तो तिखट क्षार डाख खातो. डाख सुटला की पट्टीखाली क्षार शिरतो आणि आतल्या आत लोखंड पोखरत बसतो. हे शेठनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दुपारी टाकीच्या कठड्यावर माझं पुस्तक उघडं होतं. प्रकरण संपायला चार पानं उरली होती. एका हातानं मी नळ्या टाकीत सोडत होतो, दुसऱ्यानं पान धरलं होतं. प्रकरण संपलं, टाकीतला आकडा उचलला, तर त्याला जोडलेल्या दोन नळ्या. काळूराम तऱ्यांची दुनळी.

रंग अप्रतिम आला होता. मी नळ्या पाच-सहा पाण्यांतून काढल्या, पट्टी बोटानं दाबून पाहिली, हलली नाही. शेठना सांगितलं नाही. काळूराम आले, नळ्या उन्हात धरून म्हणाले, "दामूभाऊ, काय हात हाय तुमचा!" आणि डबाभर सुकी करंदी ठेवून गेले. करंदी म्हणजे चिमुकली कोळंबी, तिला काटा नसतो. तरी ती माझ्या घशात अडकली.

तेव्हा काळूराम ती बंदूक वर्षाकाठी दोनदा-तीनदा रानडुकरांना पिटाळायला उडवत. आता एक मुलगी खांद्याला लावून दिवसाला पन्नास बार उडवणार होती. नळी आतून पोखरलेली असली तर? हे मला पत्रात लिहायचं होतं. चौथ्या ओळीपर्यंत मी खाडीच्या हवेबद्दल छान लिहीत असे.

या वर्षी कार्तिकातल्या एका शुक्रवारी, शेजारचे कापडाचे लूम बंद होते म्हणून, दाराची कडी मला पहिल्या आवाजाला ऐकू आली. मुलगी धम्मदिना ड्युटीवरून नुकतीच येऊन झोपली होती. ती इस्पितळात नर्स आहे. मी दार उघडलं. बाहेर पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा आणि शेजारी विशीतली एक उंच मुलगी.

"जिवंत हाव का दामूभाऊ?" काळूराम म्हणाले. "मना वाटला, गेलाव. पत्राचा जबाब न्हाय, कायच न्हाय. ऋतिकाला बोललो, चल बघून येव. गेला असंल तं हार घालून येव."

"आबा!" मुलगी ओरडली.

"हार आनला न्हाय, घाबरू नका."

मी त्यांना आत बसवलं, पुस्तकं खुर्च्यांवरून खाली ठेवली, चहा टाकला. ऋतिका उत्साहानं सांगत होती. बंदूक आता तिच्या नावावर होती. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा. मातीच्या थाळ्या हवेत उडवतात, त्या फोडायच्या. बाकीच्यांकडे परदेशी बनावटीच्या बंदुका. "माझी काढली की सगळे हसतात, काका. म्हणतात, म्युझियममधून आणली का? वर हा गंज. मग आबा म्हणाले, क्रोमच करून टाकू."

"दीपेशकडं टाकली हाय," काळूराम म्हणाले. दीपेश हा चिंधूशेठचा मुलगा, आता दुकान त्याचं. "उंद्या सकाली घासनार आन् क्रोमच्या टाकीत सोडनार. चांदीवानी व्हनार बोलतो. तुमचा काय म्हनना?"

क्रोमच्या आधी लोखंड तेजाबात धुतात. पट्टी कुठे सुटलेली असली तर ते तेजाब आत जाऊन बसणार आणि वरून चांदीसारखं झाकण लागणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. मी म्हणालो, "चांगलं आहे."

"बघ, दामूभाऊ बोलले चांगला हाय," काळूराम नातीला म्हणाले आणि निश्चिंतपणे चहा पिऊन गेले.

मी कप विसळत होतो. धम्मदिना उठून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? त्या पुस्तकांतल्या चिठ्ठ्या मी झाडताना वाचल्यात. आठ वाचल्या. सगळ्या 'खाडीची हवा' वर संपतात. त्यापुढे काय आहे?"

मी तिला सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वॉर्डात चुकीचं इंजेक्शन गेलं तर आम्ही काय करतो माहितेय? ओरडतो. लगेच. आधी पेशंट, मग आपली लाज."

"चाळीस वर्षं झाली ग."

"पेशंट अजून टाकीत गेला नाहीये ना?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. सोबत पुस्तक नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. दीपेश आला, मागोमाग रिक्षातून काळूराम आणि ऋतिका. दीपेशनं मागच्या खोलीत नेऊन नळ्या बाकावर ठेवल्या आणि पॉलिशचं चाक सुरू केलं.

"थांब," मी म्हणालो.

चाकाच्या आवाजात कोणी ऐकलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या यंत्राचं बटण बंद केलं.

"या नळ्या टाकीत घालायच्या नाहीत. या एकदा घातल्या आहेत. मी घातल्या होत्या, क्षाराच्या टाकीत. पंच्याऐंशी साली. मी वाचत होतो."

मग सगळंच बाहेर आलं. डाख, पट्टी, अकरा कागद. ऋतिकाचा चेहरा गंभीर झाला. ती नळ्यांकडे आणि मग स्वतःच्या खांद्याकडे बघू लागली. दीपेश म्हणाला, "काका, दुनळी? टाकीत?" त्याच्या आवाजात चिंधूशेठ मला स्पष्ट ऐकू आले.

काळूरामनी पट्टीवरून अंगठा फिरवला.

"चालीस वर्सं?" त्यांनी विचारलं.

"चाळीस."

"आन् करंदी खाल्लीव?"

"खाल्ली."

"सगली?"

"सगळी."

"बघ ऋतिका," ते म्हणाले, "मानूस परामानिक हाय. उगाच न्हाय मी बोलत." आणि ते असे हसले की दीपेशलाही हसू आवरेना.

"हसू नंतर," ऋतिका म्हणाली. "आता कळणार कसं, आत काय आहे ते?"

ते मला येत होतं. नळ्यांच्या कडीतून सुतळी ओवून मी त्या छताच्या हुकाला लोंबत्या सोडल्या. लाकडी मुठीनं वरून हलकेच वाजवलं. डाख धड असेल तर दुनळी देवळातल्या घंटेसारखी वाजते. सुटला असेल तर फुटक्या मडक्यासारखी. वर ठोकलं, स्वच्छ नाद आला आणि खोलीभर रेंगाळला. मध्ये ठोकलं, तसाच. तोंडाकडे आलो, शेवटची चार बोटं उरली असतील, आणि तिथे खर्र झालं.

"तिथं," मी म्हणालो. आणि खडूनं रेघ ओढली.

दीपेशनं चार बोटं पट्टी तापवून उचलली. पट्टीच्या खाली मी चाळीस वर्षं एक काळोखी, लाल, पोखरलेली गुहा पाहत आलो होतो. तिथे थोडी पांढरी भुकटी होती आणि नखाएवढा उथळ डाग. दीपेशनं भिंग लावलं, नळीची जाडी मापली, दोनदा मापली. "काका, काहीच नाहीये हे. साफ करून डाख देतो."

"असं कसं?" मी जवळजवळ तक्रारच केली.

"खाडीच्या हवेत हे कुजायला हवं होतं," दीपेशही म्हणाला. "आबा, बंदूक ठेवायचात कुठे?"

"चुलीच्या वर. शेवंताची जागा ती." शेवंता म्हणजे त्यांची बायको. "तिकडं बोंबील सुकवाची, तिकडंच दुनली टांगाची. बोलाची, चुलीवर हात घालाची कुनाची हिंमत न्हाय, चोराची पन न्हाय. मंग शेताची जमीन गोडाऊनला गेली, बंगला झाला, ग्यास आला. तवापासून दीड वर्स झाला नाय तं गंज धरला."

"आता कुठे असते?"

"लोखंडी कपाटात," ऋतिका म्हणाली. "कुलूप लावून. माझ्या सख्ख्या काकांनी मखमलीचं कव्हर आणलंय. लाल."

दीपेश आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मखमल ओल धरते. खाडीकाठच्या बंद कपाटात ते कव्हर म्हणजे बंदुकीभोवती गुंडाळलेला ओला टॉवेल. चुलीची कोरडी ऊब आणि धुराचा तेलकट हात तिला पस्तीसेक वर्षं जपत आला होता. रंग माझा टिकला नव्हता, टिकवला होता शेवंताबाईंनी.

"आता रंग कोणता?" ऋतिकानं विचारलं आणि तिघंही माझ्याकडे बघू लागले. मला अशा वेळी मागे कोणी उभं आहे का ते पाहायची सवय आहे.

मी म्हणालो, "माझं चुकतही असेल. दीपेशचा भाजलेला रंग वाईट नाही. एकनळी असती, शेतावर पडून राहणारी असती, तर मी तोच सांगितला असता, वर्षानुवर्षं बघायला नको; पण भट्टीच्या उष्णतेत दुनळीचा डाख मऊ पडायची भीती. क्रोम त्याहून कडक. पण क्रोमसाठी चाकावर घासावं लागतं, आणि हा नंबर बघा." नळीच्या बुडाशी कोरलेला नंबर आधीच पुसट होता. "हा गेला तर परवान्यावरचा नंबर आणि बंदूक जुळणार नाही, आणि मग तुमची बंदूक तुमची राहणार नाही. हिला एकच रंग सोसतो. गंजाचा."

"गंजाचा?"

"मुद्दाम गंजवायची. जेवढा हवा तेवढाच, हव्या तेवढ्याच वेळा."

त्यावर काळूराम दीपेशला म्हणाले, "यांना खुर्ची मागच्या खोलीत लाव. आन् पुस्तक आत न्यायचा न्हाय."

पुढचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. असं लिहायला मला संकोच वाटतो, पण ते खरं आहे. ऋतिका रोज अंजूरहून येई. परवाना दीपेशचा, बंदूक तिची, काम माझं. नंबराच्या जागी मी बोटानं घासलं, चाक लावू दिलं नाही. नळ्यांना लाकडी बुचं ठोकली, चुन्यानं तेलाचा अंश काढला, आणि मग उघड्या हातानं स्पर्श बंद. एका बोटाच्या ठशानंही तिथे रंग धरत नाही. पातळ द्रावणाचा एक हात फिरवून नळ्या दमट पेटीत ठेवायच्या. सकाळी उघडलं की अंगभर केशरी लव.

"ई!" पहिल्या सकाळी ऋतिका म्हणाली. "काका, हे पुसायला तर आलो होतो आपण."

"उकळत्या पाण्यात सोड."

पाणी साधं, स्वच्छ. ते डाखाला काही करत नाही. नळ्या आत गेल्या आणि केशरी लव तिच्या डोळ्यांसमोर काळी झाली. ती इतक्या जोरात ओरडली की दीपेश गिऱ्हाईक सोडून धावत आला. पट्टीच्या कडेनं एकही बुडबुडा वर आला नाही, म्हणजे जोड घट्ट होता. ते मी कोणाला न सांगता तीनदा पाहिलं. मग तारेच्या बारीक ब्रशानं सैल थर झाडला आणि खाली धुरकट राखाडी रंग उरला. असं आठ वेळा. गंज, उकळी, ब्रश. प्रत्येक वेळी छटा एक पायरी खोल. चौथ्या दिवशी ब्रश ऋतिकानं घेतला. सहाव्या दिवशी ती मला म्हणाली, "काका, तुम्ही टेकडीसारखे मध्ये उभे राहता, उजेड अडतो," आणि मी बाजूला झालो.

नवव्या दिवशी तेलाचा हात दिला. काळूरामनी नळ्या दारात नेऊन उन्हात धरल्या. मी डोळे मिटून घेतले.

"क्रोमची आयची..." ते म्हणाले आणि नातीकडे बघून थांबले.

रविवारी सरावाच्या मैदानावरून ऋतिकाचा फोन आला. पंचवीसपैकी अठरा थाळ्या. नळ्या गरम झाल्या, वाजवून पाहिल्या, घंटा. कोणी हसलं नाही, एकानं रंग कुठे करून मिळतो ते विचारलं. "आता निगा कशी ठेवायची ते परत सांगा, मी अर्धं विसरले." मी सांगायला लागलो, तेवढ्यात पलीकडे फोन काळूरामनी घेतला.

"तोंडी नको. पत्राचा जबाब पत्रान धाडा. धा वर्सं झाली मना पत्र येऊन. निसत्या बँकेच्या नोटिसा येतात. आन् पोस्टानच धाडा, आनून देऊ नका."

त्या संध्याकाळी मी बसलो. खाडीच्या हवेबद्दल एक ओळ लिहिली आणि पुढे गेलो.

'काळूरामभाऊंना जय भीम. उत्तराला उशीर झाला. कारण तुम्हाला माहीत आहे, आणि ते तुम्हाला माहीत आहे याचा मला आनंद आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कुठलाच रंग आपोआप टिकत नाही. बार उडवून आल्यावर त्याच दिवशी नळ्या आतून-बाहेरून पुसा, तेलाचा पातळ हात द्या. पातळ म्हणजे बोट फिरवल्यावर बोट ओलं न वाटेल एवढा. घामाचा हात लागला तर लगेच पुसा, खाडीपेक्षा घाम वाईट. कपाटात तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल लाकडात मुरणार नाही. पावसाळ्यात मेणाचा हात द्या, आठवड्याला एकदा बाहेर काढून बघा. निवडणुकीला जमा कराल तेव्हा भरपूर ग्रीस फासा, पोलीस कुरकुर करतील, करू देत. मखमलीचं कव्हर ऋतिकाच्या काकांना परत द्यावं, किंवा हार्मोनियमला घालावं. शेवंतावहिनींना माझा नमस्कार सांगा. दोन-तीन वर्षांनी नळीच्या कडांवर रंग फिका होईल, घाबरू नका, तेवढ्यापुरता मी देईन. मी नसलो तर ऋतिकाला येतो. पंच्याऐंशी सालची चूक माझी होती. या वेळचं काम बरं झालं आहे, असं मला वाटतं. आपला, दामोदर रोकडे.'

'असं मला वाटतं' खोडावं का, यावर मी अर्धा तास घालवला. ठेवलं.

सोमवारी सकाळी लूमच्या खडखडाटातून चालत मी पोस्टापर्यंत गेलो. धम्मदिना म्हणाली होती की तीच जाता जाता टाकेल, मी दिलं नाही. पेटीत पाकीट सोडलं आणि सोडल्याबरोबर आठवलं की रंग देताना नळ्यांना ठोकायच्या बुचांबद्दल लिहायचं राहिलं. तेवढ्यात पोस्टमन पोतं घेऊन आला आणि त्यानं पेटीला किल्ली लावली. माझं पाकीट अगदी वर होतं, मला अक्षर दिसत होतं.

"काका, काही राहिलं का? काढून देऊ?" त्यानं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "जाऊ दे."

त्यानं ते बाकीच्यांबरोबर पोत्यात ओतलं.